पहिल्या धारेचं पाणी

रात्रभर नळ उघडायचा नाही.
संडासची टाकीसुद्धा ओढायची नाही.
सहा तास पाणी नळीत निजू द्यायचं
आणि सकाळी पहिली धार या बाटलीत घ्यायची, काठोकाठ.
हे मी सायकमोर ड्राइव्हवरच्या बासष्ट दारांत सांगितलं,
पाणीखात्याचं निळं जाकीट घालून,
फेब्रुवारीत, पायऱ्यांवरचं मीठ बुटांखाली करकरत असताना.

टिबेट्स म्हणाले, सत्तर वर्षं पितोय,
मला काय धाड भरलीय?
त्यांचा हात कापत होता.
पण हात वयानंही कापतो,
आणि मी डॉक्टर नाही.

फान बाईंनी बाटली दोन्ही हातांनी घेतली.
आत बाळ रडत होतं. गॅरेजात
विकतच्या पाण्याचे खोके छताला टेकलेले.
आंघोळीचं काय, त्यांनी विचारलं,
आणि मग स्वतःच म्हणाल्या, जाऊ दे.

आर्लीन पोडॉल्स्कीनं मात्र आधी कॉफी ठेवली.
त्याच नळाची.
नको म्हणणं मला जमलं नाही.

तीन आठवड्यांनी तिचं पत्र घेऊन मीच गेले:
शिसं, अब्जात एकेचाळीस भाग.
अब्ज म्हणजे किती, हे समजावायला
माझ्याकडे तरणतलाव आणि थेंबांचं एक उदाहरण तयार असतं.
ती म्हणाली, किती ते नाही विचारत. कधीपासून?

रस्त्यापासून घरापर्यंतची नळी, मी म्हटलं,
घराइतकीच जुनी.
शिसं मऊ असतं, हवं तसं वाकतं,
प्लंबरांचं फार लाडकं होतं.

ती उठली. ड्रॉवरमधून, रबरबँड आणि कुपनांच्या खालून,
एक प्रगतिपुस्तक काढलं.
ड्वेन पोडॉल्स्की, इयत्ता तिसरी.
मिस हॅगर्टीचं तिरकं अक्षर: मन लावत नाही.

याच टेबलाशी बसवायचे मी त्याला, ती म्हणाली.
अक्षरं उलटी यायची. शब्द अर्ध्यात तुटायचे.
मी पट्टी घेऊन उभी.
रडला की ग्लास भरून पुढे ठेवायचे:
पाणी पी, शांत हो,
आणि पुन्हा पहिल्यापासून.

शिसपेन्सिलीत शिसं नसतं.
हे मला कामावर लागल्यावर कळलं.
मी ते तिला सांगितलं नाही.

जे सांगायला हवं ते सांगितलं:
एका बाटलीवरून असं काही सिद्ध होत नाही.
बाटली फक्त त्या सकाळबद्दल बोलते.
ती म्हणाली, छान पाठ केलंयस.

नवी नळी दोन वर्षांनी, यादीप्रमाणे.
तोवर गाळणी, आणि पत्रातली दुसरी सूचना:
रोज सकाळी, पिण्याआधी, पाच मिनिटं पाणी सोडावं.
सोडण्यात काय काय येतं, ते पत्रात नव्हतं.

आत्ताच करून बघू, म्हणाली, सकाळ नसली तरी.
नळ उघडला. आम्ही दोघी
मायक्रोवेव्हच्या घड्याळाकडे बघत उभ्या.
पाच मिनिटं फार मोठी असतात.
पाणी इतकं स्वच्छ, की सिंकच्या तळाचा
चमचाभर गंजही वाचता यावा.

चौथ्या मिनिटाला तिनं फोन उचलला.
बुधवार होता. ड्वेन रविवारी बोलतो.
पासष्टीला आलाय, टोलीडोत गोदामावर ट्रक भरतो.
तो घाबरला असावा, कारण ती म्हणाली,
नाही, नाही, मी बरी आहे. सहज केला.
जेवलास का? काय जेवलास?

पलीकडे तो शब्द शोधू लागला.
मलाही ऐकू आलं ते शोधणं,
पदार्थाचं नाव जिभेवर येऊन परत जाणं.
एरवी मी पुरा करून टाकते त्याचं वाक्य,
तिनं मघाशीच सांगितलं होतं.

आता ती काही बोलली नाही.
फोन कानाशी, बोटं ओट्याच्या कडेवर.
सहावं मिनिट उलटलं, सातवं.
नळ बंद करायला माझा हात पुढे झाला
आणि तिनं मान हलवली: राहू दे.